रांजणातला काळा रंग

आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुप फोटोंमध्ये सानप मॅडम कुठेच सापडत नाहीत. फोटोच्या दिवशी त्या हजर असत, पहिल्या रांगेत प्राचार्यांच्या डाव्या हाताला बसत आणि फोटोवाल्याने सांगायच्या आधीच हसत. पण स्टुडिओतून फोटो तयार होऊन आला की त्या खुर्चीवर भलतीच कोणीतरी गोरीपान बाई बसलेली दिसे. आमचा फोटोवाला बबन हा सज्जन माणूस. तो कॉम्प्युटरवर सगळ्यांनाच थोडं उजळ करी, आणि ज्याच्याबद्दल जास्त आदर त्याला जास्त उजळ करी. मॅडमबद्दल त्याला फारच आदर होता.

फोटो आला की मॅडम तो हात लांब करून धरत आणि स्टाफरूममध्ये प्रत्येकाला विचारत, "ही बाई कोण हाय हो? आपल्यात कवा लागली?" मग सगळ्यांसमोर बबनला फोन. "बबनराव, तुमी माझी बदली कावून केली? खुर्ची माझी, साडी माझी, मधी बाई कोण बसवली?" पलीकडे बबन काहीतरी पुटपुटे, इकडे मॅडम टेबलावर थाप मारून हसत, आणि चहाचे कप बशांमध्ये नाचत. पुढच्या वर्षी बबन पुन्हा तेच करी.

मॅडम काळ्या होत्या. हे मी भीड न ठेवता लिहितोय, कारण त्यांना त्याची भीड नव्हती. कोणी भलेपणाने "सावळ्या" म्हटलं की त्या थांबवत. "सावळी म्हंजी काय? डोळे हायत ना? नीट बघा. काळी हाय मी." समोरच्याला कुठे बघावं कळत नसे. माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी स्थळांना सांगितलं होतं, मुलगा गव्हाळ वर्णाचा आहे. हे मी एकदा चुकून मॅडमना बोललो. त्यांनी माझा हात धरून खिडकीशी उजेडात नेला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "कोणत्या शेतातला गहू म्हणायचा हा?" त्यानंतर कित्येक दिवस मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले.

नाव डॉ. द्वारका सानप, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. मी मराठी शिकवतो. माजलगावातलं आमचं कॉलेज तसं साधं. मॅडमचा विभाग म्हणजे सायकल स्टँडच्या मागची एक लांबट खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा. त्या खोलीतून त्या बाहेर आल्या की आधी आवाज यायचा. माणसांना त्या नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. "ओ भूगोल, जरा सरका." "ओ इतिहास, कालचा डबा धुऊन आणला का?" मी रुजू झालो त्या दिवशी मला मागून हाक आली, "ओ मराठी, इकडं या, तुमच्या हातावर किती जंतू हायत ते बघू." मी नवा, घाबरलेला. त्यांनी माझं बोट एका काचेच्या बशीतल्या लापशीसारख्या थरावर टेकवलं आणि दोन दिवसांनी ती बशी स्टाफरूममध्ये फिरवली. तिच्यात पिवळे, पांढरे, गुलाबी ठिपके उगवले होते. "बघा, मराठीचं अंगण," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी हात धुतल्याशिवाय त्यांच्यासमोर काही खाल्लं नाही.

त्यांचा जन्म कोपीतला. आईवडील नांदूरघाटच्या बाजूचे, ऊसतोडीला जाणारे. कुठल्याशा साखर कारखान्याच्या फडात, उसाच्या पाचटाच्या झोपडीत त्या जन्मल्या, एवढंच त्या सांगत. त्यावरून कोणी गहिवरायला लागलं की विषय बदलत. त्या जगातली एक गोष्ट मात्र त्यांनी कॉलेजात आणली होती, ती म्हणजे मुकादम. शरीरात काय चालतं हे शिकवताना त्यांच्याकडे दुसरी उपमाच नव्हती. पेशी म्हणजे फड. एन्झाइम म्हणजे मुकादम. तो स्वतः ऊस तोडत नाही, पण तो आल्याशिवाय कोयता हलत नाही. ज्या मुलींचे आईवडील दरवर्षी टोळीबरोबर जात, त्यांना हे एका वाक्यात कळे. मलाही कळलं, म्हणजे बघा.

दुसरा हट्ट चित्रांचा. सूक्ष्मदर्शकातून पाहायचं आणि वहीत काढायचं, तर मुली पुस्तकातली गोल गरगरीत आकृती उतरवत. मॅडम पान टराटरा फाडत. "हे तुला दिसलं का? मग कावून काढलं? दिसलं ते काढ. वाकडं दिसलं तर वाकडं काढ. हाय तसं." हे "हाय तसं" दिवसातून इतक्या वेळा ऐकू येई की प्रॅक्टिकलच्या दिवशी व्हरांड्यातून जाणारा गफूरभाईही ते गुणगुणत जाई. गफूरभाई विभागाचा सेवक. त्याच्याबद्दल पुढे येणारच आहे.

एकदा स्टाफरूममध्ये गोरेपणाचं क्रीम विकणारा आला. टाय लावलेला, बॅग घेतलेला, घामाने भिजलेला. त्याने सगळ्यांवर नजर फिरवली आणि धंद्याच्या दृष्टीने योग्य तीच बाई निवडली. मॅडमनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. मग ट्यूब हातात घेऊन विचारलं, "हे करतं काय नेमकं?"

"आतून उजळ करतं, मॅडम."

"आतून कुठं?"

त्याला आत कुठे ते माहीत नव्हतं. मग मॅडमनी सांगितलं. कातडीत एक मुकादम असतो, टायरोसिनेज त्याचं नाव. तो कामाला लागला की काळा रंग तयार होतो, मेलॅनिन. उन्हात आपण करपू नये म्हणून तो दिवसभर हा कारखाना चालवतो. "आन् तुमचं हे क्रीम त्या मुकादमाला दाबून धरायला बघतं. म्हंजी बीडच्या उन्हात तुमी माझ्या छत्रीला भोक पाडाया आलात." त्यांनी फळ्यावर आकृती काढली. विक्रेत्याचा टाय सैल झाला. त्याची धारूरची एसटी गेली. पुढची लागेपर्यंत त्याला अमिनो आम्लापासून काळ्या रंगापर्यंतचा सगळा प्रवास पाठ झाला होता. जाताना तो म्हणाला, "मॅडम, माझी बहीण बारावीला हाय. तुमच्याकडं घेता का?" ती बहीण म्हणजे ज्योती.

ज्योती दिंद्रुडहून एसटीने यायची. तीही काळी, आणि भावाच्या पिशवीतल्या अर्ध्या ट्यूबा तिने संपवलेल्या. तिला दोनदा पाहुणे पाहून गेले होते आणि दोनदा कांदेपोहे फुकट गेले होते. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "त्या पोह्यात लिंबू होतं का?" ज्योती रडता रडता हसली आणि मग त्या खोलीतून हललीच नाही.

मॅडमच्या डोक्यात एक खूळ होतं. कातडीतला हा मुकादम उचलून जिवाणूत बसवायचा. जीन म्हणजे तो मुकादम बनवायची कृती. ती जिवाणूला दिली की तो बिनरंगी जीव आपल्यासारखा काळा रंग करायला लागतो. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत हे पोरंसोरं करतात म्हणे. एकमेकांना जीन पाठवतात, जोडतात, नवीन काहीतरी बनवतात, आपण यंत्राचे सुटे भाग जोडावेत तसं. "तिकडं हुतं, तर हितं कावून न्हाई?" एवढाच त्यांचा मुद्दा. एका ओळखीच्या संशोधकाला त्यांनी इतके फोन केले की त्याने शेवटी रीतसर परवानग्यांसकट ते जीन पाठवून दिलं.

मानवी जीन येणार ही बातमी गावभर झाली. प्राचार्यांना वाटलं, मोठी पेटी येईल. त्यांनी नारळ आणवला, हार आणवला, दोन संचालकही बोलावले. चहाच्या टपरीवर बातमी अशी फिरली की कॉलेजात मेलेल्या माणसाचं कातडं आणलंय. दोन पालक मुलींना घरी न्यायला आले. मॅडमनी पाकीट फोडलं. आत टीपकागदाचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने काढलेलं एक वर्तुळ. त्या वर्तुळात जीन सुकवलेलं होतं. दिसायला काहीच नव्हतं.

"एवढंच?" प्राचार्य म्हणाले. हार त्यांच्या हातात तसाच होता.

"एवढंच, सर. तुमी बी एवढ्यातनंच झालात."

संचालकांपैकी एकाने हळूच विचारलं, "पण कातडं कोणाचं हाय?"

मॅडमनी आपला हात पुढे केला. मग त्या संचालकांचा हात ओढून शेजारी धरला. प्राचार्यांचा, माझा, दोन्ही पालकांचा, ज्योतीचा. टेबलावर सगळे हात ओळीने. "समद्यांच्या कातडीत ही कृती हाय. कोणाचा मुकादम लई काम करतो, कोणाचा आळशी हाय, एवढंच." पालक आपापले हात पाहत उभे राहिले आणि मुली वर्गात परतल्या. हार शेवटी टीपकागदालाच घातला गेला. तो पाकिटाहून मोठा होता.

आता हे सगळं नुसतं खूळ नव्हतं. विद्यापीठाची कमिटी येणार होती. मुली कमी, खर्च जास्त, तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्र बंद करावं असं वर ठरत आलं होतं. चालू असलेलं काही काम डोळ्यांनी दिसलं तरच विभाग राहणार होता. ज्योतीच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "जवळ हाय म्हणून शिकवतोय. बंद पडलं तर लांब कोण धाडतंय. लगीन उरकून टाकू." विभाग मॅडमनी उभा केला होता, आणि तो मोडला तर त्यातल्या बहुतेक मुली वर्षाच्या आत कोणाच्या तरी फडावर दिसणार हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. हे त्या बोलत नसत. फक्त त्या दिवसांत चहात साखर घालायला विसरत.

कागदाचा अर्धा तुकडा कापून पाण्यात भिजवला. जिवाणूंना आधी बर्फात ठेवायचं आणि मग क्षणभर बेचाळीस अंशांचा चटका द्यायचा, म्हणजे ते जीन आत घेतात. "बेचाळीस म्हंजी आपला एप्रिलच की," मॅडम म्हणाल्या. पण पुढचं अवघड निघालं. काळा रंग करायला या पाहुण्या मुकादमाला थंडावा लागतो. उकाड्यात तो नीट घडतच नाही. आणि आमचं जिवाणू वाढवायचं उष्णतेचं कपाट फक्त तापवू शके, गार करू शकत नसे, आणि फ्रिजच्या गारठ्यात जिवाणू वाढत नसत. बाहेर दगड तापलेले. जिवाणू वाढवायच्या काचेच्या चंबूतलं पाणी पांढरट गढूळ होई आणि तसंच राही.

मॅडम दोन दिवस गप्प होत्या. कॉलेजात इतकी शांतता कोणी अनुभवली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्या टेम्पोतून एक रांजण घेऊन आल्या. व्हरांड्यात वाळूवर तो बसवला, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, आत पाण्याऐवजी चंबू ठेवले. घरोघरी पाणी असंच गार होतं, मग जिवाणूंनी काय पाप केलंय, असा सरळ हिशेब. मुलींच्या पाळ्या लागल्या. गोणपाटावर पाणी शिंपडायचं आणि चंबू हातात घेऊन गोल गोल फिरवायचा, म्हणजे आतल्या जिवांना हवा मिळते. ज्योती चंबू फिरवता फिरवता माझ्या पेपरच्या कविता पाठ करी. त्या वर्षी तिला मराठीत पहिला वर्ग मिळाला, त्याचं श्रेय मी रांजणाला देतो.

आणि मॅडम रांजणात तोंड घालून बोलत. "ये माझ्या राजा, काळा हो. लई काळा हो." आमच्याकडे गरोदर बाईला केशराचं दूध देतात, पोर गोरं व्हावं म्हणून. भूगोलाच्या मॅडमनी एकदा हे बोलणं ऐकलं आणि स्टाफरूममध्ये येऊन म्हणाल्या, "या बाईला कोणीतरी दृष्ट काढणारा बघा."

एका सकाळी ज्योती व्हरांड्यातून चप्पल टाकून पळत आली. मॅडम माझ्याशी बोलत होत्या. तिने नुसता हात रांजणाकडे केला. आम्ही गेलो. चंबू वर काढले. उकळलेल्या चहासारखा रंग चढला होता, आणि दुपारपर्यंत तो कॉफीसारखा झाला. दुसऱ्या दिवशी डांबर. त्यातलं थोडं बशांवर घालून मॅडमनी राखीव म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं. शेजारचा एक चंबू मुद्दाम जीन न घालता ठेवलेला, तो होता तसा पांढराच. मॅडमनी काळा चंबू आपल्या मनगटाशी लावला. कुठे हात संपतो आणि कुठे चंबू सुरू होतो ते कळत नव्हतं. त्यांनी ज्योतीला दोन्ही खांद्यांना धरलं आणि दोघी त्या व्हरांड्यात गोल गोल फिरल्या, फुगडीच म्हणा. पदर सुटला, पिना उडाल्या. मी आयुष्यात एवढा आनंद कोणाच्या अंगावर पाहिलेला नाही. मलाही वाटलं होतं त्यात शिरावं, पण मी मराठी विभागाचा प्रमुख होतो.

कमिटी दुसऱ्याच दिवशी होती.

गफूरभाईला मॅडमनी एक नियम पक्का शिकवला होता. प्रयोगशाळेतलं जे काही नासेल ते मोरीत ओतायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही. आधी मोठ्या कुकरमध्ये घालायचं, भरपूर वेळ शिजवायचं, सगळे जीव मारायचे, मग पुढचं. गफूरभाई हा नियम नमाजाइतका पाळी. मधले दोन दिवस तो गावी लग्नाला गेला होता. कमिटीच्या दिवशी तो पहाटे आला, झाडझूड केली, फुलं लावली आणि रांजण उघडला. आत सगळं काळं पडलेलं.

आम्ही पोचलो तेव्हा कुकरची वाफ जात होती. गफूरभाई अत्तर लावून, इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. टेबलावर स्वच्छ फडक्यावर त्याने एकच चंबू मांडला होता. पांढरा.

"मॅडम, बचा लिया," तो म्हणाला. "ये एकच चांगला राहिलता. बाकी सब नासून काळं पडलं होतं. फ्रिजमधल्या बशा बी. समदं शिजवून टाकलं. कमिटीला दिसलं असतं तर काय म्हणले असते?"

मी मॅडमकडे बघायचं टाळलं. मॅडम कुकरपाशी गेल्या, झाकण काढलं, आत वाकून बराच वेळ पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. पण त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं.

"गफूरभाई," त्या म्हणाल्या, "एवढ्या वरसांत माझं बोलणं कोणी इतकं मनावर घेतलं न्हाई."

काळं होणं हेच हवं होतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग सगळं सांगितलं. त्याचा चेहरा असा उतरला की मॅडमनी आधी त्याला चहा पाजला.

कमिटी आली. अध्यक्ष गोरेपान, रुमालाने सारखं तोंड टिपणारे. त्यांच्यापुढे मॅडमनी दोन चंबू ठेवले, पांढरा आणि काळा. प्राचार्य म्हणाले, "हे आमचं चालू संशोधन." मॅडम म्हणाल्या, "चालू न्हाई सर, बंद हाय. काळ्यातले समदे मेलेत. सकाळी शिजले." प्राचार्यांनी डोळे मिटले. मॅडमनी घडलं ते घडलं तसं सांगितलं, गफूरभाईचं नाव मात्र मोठ्या कौतुकाने घेतलं. "शिजवून बी रंग गेला न्हाई, एवढं बघा."

अध्यक्षांनी चंबू उजेडात धरला. "रंग बाहेरून घातला नाही कशावरून? माफ करा, पण चहाही असाच दिसतो."

"बरोबर हाय," मॅडम म्हणाल्या. "मी बी विश्वास ठिवला नसता. म्हणून तुमीच करा."

"मी?"

"कागद अर्धा शिल्लक हाय. जिवाणू ह्या पांढऱ्याचेच भाऊबंद, आमच्याकडं हायत. तुमच्या हातानं भिजवा, तुमच्या हातानं घाला, तुमच्या हातानं कापसाचा बोळा लावून वर सही करा. तुमी आठवडाभर जिल्ह्यातच फिरणार ना? जाताना या. काळं दिसलं न्हाई तर विभाग बंद करा, मी सोता कुलूप लावते."

प्राचार्य पुटपुटले, "मॅडम, जरा विचार करून." ज्योती दारात उभी होती, ओढणीचं टोक चावत. वडिलांनी सांगितलेलं सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मॅडमनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बर्फ आणायला सांगितला.

अध्यक्षांनी बाह्या वर केल्या. किती वर्षांनी त्यांनी हातात पिपेट धरलं असेल कोण जाणे, पण हळूहळू त्यांचा रुमाल खिशातच राहिला. बर्फ, चटका, चंबू. त्यांनी बोळ्यावर कागद बांधून लफ्फेदार सही केली. चंबू रांजणात गेला.

पुढचा आठवडा गफूरभाई त्या रांजणापाशीच होता. स्टूल तिथे, डबा तिथे. गोणपाट जरा सुकलं की पाणी. चंबू तो स्वतः फिरवी, सही पुसू नये म्हणून रुमालात धरून. प्राचार्य एकदा झाकण उघडून पाहायला गेले तर त्याने वाट अडवली. "साहब, माफ करना. तुमी सही केलेली न्हाई." मॅडम रोज शिकवत होत्या, हाका मारत होत्या, हसत होत्या. पण चहात साखर नव्हती. एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मराठी, न्हाई झालं तर काय करायचं हो?" मी त्यांच्या कपात साखर घातली.

कमिटी परत आली ती कपिलधारला दर्शनाला जाऊन, कपाळाला विभूती लावून. अध्यक्ष गाडीतून उतरले ते थेट व्हरांड्यात. गफूरभाईने रांजणात हात घातला आणि चंबू वर काढला. तो काळा होता. मॅडमपेक्षाही काळा होता.

अध्यक्षांनी आधी आपली सही पाहिली, मग चंबू पाहिला, मग पुन्हा सही. "हा मी केला," ते म्हणाले. शेजारच्या सदस्याला दाखवत पुन्हा म्हणाले, "अहो, हा मी केला." त्यांनी आपला गोरा हात चंबूला लावून पाहिला. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्या अंगातला मुकादम सुट्टीवर हाय, पण तुमच्या हातानं बसवलेला लई कामाचा निघाला." अध्यक्ष असे हसले की विभूती नाकावर आली. त्यांनी त्या चंबूबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला. मग आत जाऊन त्यांनी विभाग पुढे चालू ठेवण्याची शिफारस केली.

ज्योतीने पर्समधून काजळाची डबी काढली. मॅडमनी बोट बुडवलं आणि रांजणाच्या पोटावर तीट लावली. "नजर लागंल," त्या म्हणाल्या. मग गफूरभाईच्या गालालाही लावली. तो लाजला.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा ज्योती एमएस्सी करून आमच्याकडेच तासिकेवर शिकवायला लागली होती. निरोपाच्या दिवशी मॅडमनी शाल-श्रीफळ घेतलं, भाषण टाळलं आणि सगळ्यांना रांजणासमोर फोटोला ओढलं. बबन कॅमेरा घेऊन उभा. मॅडम त्याच्याजवळ गेल्या.

"बबनराव, आजवर तुमी मला गोरं केलं, मी काय बोलले का?"

"लई बोललात, मॅडम."

"आता शेवटचं. ह्यावेळी कोणालाच हात लावायचा न्हाई. प्राचार्यांना बी न्हाई, मराठीला तर मुळीच न्हाई. हाय तसं."

बबन तीन पिढ्यांच्या फोटोंचा माणूस. त्याला ते जड गेलं असणार. पण त्याने ऐकलं. संध्याकाळी मॅडम केजच्या गाडीत बसून गावाकडे गेल्या.

फोटो आला आणि स्टाफरूममध्ये हातोहात फिरला. प्राचार्यांनी विचारलं, "यात मी कुठे आहे?" इतिहासवाल्यांनी बराच वेळ स्वतःला शोधलं. मी माझा चेहरा पाहिला आणि वडिलांच्या त्या गव्हाळ शब्दाची मला फार दया आली. उन्हात उभं राहिलेलं आमचं अख्खं कॉलेज जसं आहे तसं त्या फोटोत होतं. काढून टाकावा म्हणून एकदोघांनी सुचवलं. ज्योतीने तो आपल्या प्रयोगशाळेत, दाराच्या आत, स्वतः खिळा ठोकून लावला.

परवा मी व्हरांड्यातून जात होतो. नव्या मुली फोटोसमोर उभ्या होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, ह्यातल्या सानप मॅडम कोणत्या?"

ज्योती गोणपाटावर पाणी शिंपडत होती. पूर्वी कॉलेजात कोणी हे विचारलं तर उत्तर सोपं होतं. ती काळी, असं म्हटलं की भागायचं. या फोटोत तर आम्ही सगळेच काळे. ज्योतीने फोटोकडे वळूनही पाहिलं नाही.

"हसतीय ती," ती म्हणाली.